कोपऱ्यातली धाकटी कणगी

"आक्का, धाकट्या कणगीला उंदीर तर न्हाई ना लागला?" मंजुळाचं माझ्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. नाकात नळी, आणि चौकशी कसली, तर रिहे गावातल्या घरच्या बियाण्याची! "नाही गं, झोप तू," मी म्हटलं. तिची लेक वैशाली शेजारी सलाईन बघत होती. त्याच दवाखान्यात ती नर्स आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला...

मिहीर, अन्वी, तुमची मंजूआजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. परदेशात तुम्ही आता पगार मिळवू लागलात, म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आमच्याकडे भात झोडून झालं की सगळ्यात आधी बियाण्याची कणगी भरतात. बांबूची, शेणाने सारवलेली. मग घरच्या खाण्याचं, उरेल ते विकायचं. आणि घरात तांदूळ संपला तरी बियाण्याला हात लावायचा नाही. हे इथे घरोघरी चालतं. पण पैशालाही हाच नियम लावणारी मी एकटी मंजुळाच पाहिली.

रस्त्याकडेचं शेत विकलं तेव्हा भाऊजींना स्वप्नातही नवी गाडी दिसत होती. मंजुळाने बँकेचे, विम्याचे, योजनांचे कागद पुढ्यात ठेवून मला ओट्यावर बसवलं. "आक्का, इंग्रजी तुमी वाचा, इचारायचं मी बघते." आणि प्रत्येक कागदाला तिचा एकच प्रश्न, "हे कवा लागनार?" पोरीचं शिक्षण लवकर, म्हातारपण लांब, आजारपण सांगून येत नाही... तसे तिने वाटे पाडले. गाडी शेवटी, उरलं तर. एक एजंट दहा वर्षांची योजना घेऊन आला. मी अटी वाचून दाखवल्या. मंजुळा म्हणाली, "पोरीची फी दोन वर्सांनी भरायची, आन् पैसं सुटनार धा वर्सांनी? तवर तिला काय अंगणवाडीत बसवू व्हय?" एजंटलाही हसू आवरेना. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिले. मुदत, जोखीम हे शब्द तिच्या तोंडी कधी नव्हते, पण त्यांचा अर्थ तिला शेतानेच शिकवला होता.

खरी परीक्षा पुढेच होती. वैशालीचं बारावीचं वर्ष चालू असतानाच मारुंजीचं स्थळ आलं. भाड्याने दिलेल्या खोल्या, दारात दोन गाड्या. लग्न मोठ्या कार्यालयात हवं आणि मुलाला गाडी. भाऊजींनी मान डोलावली. "जमिनीचा पैसा मग कशाला हाय?" बोलणी पक्की होणार, एवढ्यात पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता मंजुळा म्हणाली, "त्यो पोरीच्या शिकण्याचा वाटा हाय. बियाणं शिजवून पंगती घालत न्हाई आमी." मी आत चहा गाळता गाळता ऐकत होते. पाहुण्यांसमोर, नवऱ्यासमोर, आवाज जरासुद्धा न चढवता...

पाहुणे उठून गेले. "नाक कापलंस माजं!" भाऊजी ओरडले.

"नाक हाय तितंच हाय. पोहे खावा, गार व्हत्यात."

भाऊजी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. भावकीतल्या बायकांनी टोमणे मारले, "पोरगी म्हातारी करून ठिवनार वाटतं." मंजुळाने सगळं ऐकून घेतलं, पण तो वाटा हलवला नाही. वैशाली नर्स झाली, पुढे तिच्या पसंतीने, अंगणातल्या मांडवात तिचं लग्नही झालं. आणि शेवटच्या आजारात आईची नळी बदलणारे हात तिचेच होते. आजारपणाचा वाटा म्हणून घेतलेला विमा कामी आला. भाऊजींना कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

तेराव्याला माणसं अंदाजापेक्षा जास्त आली, भात कमी पडला. भावकीतल्या कुणीतरी कोपऱ्यातल्या धाकट्या कणगीचं झाकण उचललं. "हितं हाय की भात, गिरणीतनं भरडून आनू." भाऊजी पाटावरून तसेच उठले आणि त्यांनी झाकणावर हात ठेवला. "त्याला हात लावू नगा. बियाणं हाय ते. तिनं ठिवलंय." दुकानातून तांदूळ आला, तोवर पंगत थांबली.

आता त्याच बियाण्याचं रोप खाचरात हिरवंगार उभं आहे. काल भाऊजींनी रिकामी कणगी झाडली, शेणाने नव्याने सारवली आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवली.