रोझीनच्या मागे मागे

फणसाच्या झाडाखाली रोझीन पुन्हा थांबली. तिच्या मागे व्होल्सी थांबला. त्याने टोपी काढून तोंडावरचा घाम पुसला. पुढे चालणारी झोस्लीन वळून म्हणाली, "आता काय झालं?"

"खातेय."

"पडलेला फणस?"

"फणस असता तर मी समजलो असतो. वाळकी पानं खातेय. घरी केळीचा खांब कापून पुढ्यात टाकला, त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. आणि इथे पाचोळा गोड लागतोय."

"भावोजी, तिला पोटभर खाऊ द्या. तिच्यावर ओरडून काही होणार आहे का?"

"ओरडत नाहीये मी," व्होल्सी ओरडला.

सकाळपासून हेच चाललं होतं. व्होल्सीची कासवांची वाडी टेकडीवर. झोस्लीन त्याच्या बायकोची, तेरेझाची, धाकटी बहीण. तेरेझा गेल्यापासून दर शनिवारी ती मसूर आणि खारा मासा घेऊन वर जायची. आज ती पोचली तर वाडीचा दगडी गडगा एका जागी ढासळलेला, आणि चार माणसांनाही न उचलवणारी रोझीन कासवीण रस्त्याला लागलेली. व्होल्सीने पुढे उभं राहून पाहिलं, ढकलून पाहिलं. तिला ढकलणं म्हणजे चर्चच्या भिंतीला खांदा लावणं. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे तिला कुठे जायचंय तिथे. तू पुढे चाल, वळणावर सायकलवाले आंधळ्यासारखे येतात." झोस्लीनला परत खाली यायचंच होतं. हा उतार ती एरवी एक जपमाळ संपेपर्यंत उतरायची. आज सगळी जपमाळ फिरवून झाली तरी निम्मा रस्ता बाकी होता.

खालून गावातल्या एलिझेची बैलगाडी आली. त्याने बैल थांबवला.

"काय तोंतों व्होल्सी, काका, वरात कुणाची?"

"तुझ्या बैलाला स्थळ घेऊन चाललोय."

"चालत कशाला? गाडीत घालू की तिला."

"घाल. मग बैलाला तू पाठीवर घे."

एलिझे हसत हसत गेला. व्होल्सी हसला नाही. गाडी वळल्यावर तो झोस्लीनला म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटावर गोष्ट होईल. व्होल्सीच्या वाडीत कासवंसुद्धा राहात नाहीत."

बेटावर त्याला कासववाला म्हणत, पण तो काही लहानपणापासूनचा कासववाला नव्हे. तो खोबऱ्याच्या भट्टीवर वाढला, धुराने डोळे लाल असलेला मुलगा. कासवं त्याच्याकडे आली ती तेरेझाबरोबर. मुलगी जन्मली की तिच्या नावाने कासवाचं पिल्लू अंगणात सोडायचं, मुलीबरोबर ते वाढवायचं आणि तिच्या लग्नाच्या जेवणाला कापायचं, ही इथली जुनी रीत. तेरेझाचं पिल्लू म्हणजे रोझीन. लग्नाच्या सकाळी बापाने सुरा पाजवला, तेव्हा पांढरा झगा घालून तयार झालेली तेरेझा जाऊन रोझीनच्या पाठीवर बसली. "हिला कापलंत तर चर्चमध्ये येणार नाही," म्हणाली. पाहुण्यांनी डुक्कर खाल्लं आणि नवरीच्या मागून कासव सासरी आलं. झोस्लीन तेव्हा फ्रॉकमध्ये होती. मंडईतल्या बाईसारखी पाठीवर टोपली बांधून रोझीनला आणलेलं तिला आठवत होतं.

एकीला सोबत म्हणून व्होल्सीने नर आणला. मग आणखी. टेकडीवरच्या धोंड्यांचा गडगा त्याने एकट्याने रचला. आता कुणी लग्नात कासव कापत नाही, पण मुलीच्या नावाने पिल्लू सोडायची रीत आहेच. ती पिल्लं आपल्या वाडीतली असावीत, एवढंच त्याच्या मनात होतं. नरांनी त्याला बदनाम मात्र केलं. त्यांचा समागमाच्या वेळचा हंबरडा थेट चर्चपर्यंत यायचा. एका रविवारी प्रवचन मध्येच थांबवून फादर खिडकीकडे बघत राहिले आणि बायकांनी माना खाली घातल्या. सगळी मिस्सा झोस्लीन कानकोंडी होऊन बसली होती.

"एवढा गोंगाट करतात मेले," ती तेव्हा म्हणाली होती, "आणि पिल्लू एक नाही."

ते खरं होतं, म्हणूनच व्होल्सीला लागलं. रोझीनने कितीदा तरी अंडी घातली, पण जगलेलं पिल्लू नाही. आधी उंदरांनी खाल्ली. उंदरांचा बंदोबस्त केला तर पिवळ्या मुंग्या चढल्या. मग काटेरी तांगांनी, साळिंदरासारख्या त्या छोट्या जनावरांनी, रातोरात घरटं उकरलं. एका वर्षी त्याने अंडी काढून नारळाच्या काथ्यात घालून घरात आणली आणि त्याची आई कोंबडीची अंडी फिरवायची तशी रोज हाताने फिरवली. कासवाचं अंडं फिरवलं की आतला जीव बुडतो, हे त्याला कुणी सांगितलं तोवर सगळी सडली होती. मग तांगांपासून वाचवायला त्याने वाळूच्या वाफ्याखाली तारेची जाळी अंथरली. रोझीनने मागच्या पायांनी उकरलं, नखं तारेत अडकली, ती उठून गेली. व्होल्सीने जाळी उपटून काढली. पण एकदा विश्वास उडाला तो उडाला. यंदा पोटात अंडी घेऊन ती दिवसचे दिवस गडग्याकडेने फिरत होती.

आणि यंदाच नात झाली. माहे बेटावरून लेकीचा, झिनेतचा फोन यायचा. "बाबा, पिल्लू आईच्या रोझीनचंच हवं हं. पहिल्या वाढदिवसाच्या आत. शेजारणीला मी सांगून ठेवलंय, माझ्या बाबांची कासवांची वाडी आहे."

"दुकान मांडलंय जसं मी," व्होल्सी रस्त्यावरचा खडा लाथेने उडवत म्हणाला. "दुसऱ्याकडून पिल्लू मागून आणू? कासववाल्याने? आज अंडी घातली तरच नाताळापर्यंत फुटतील. आज इकडेतिकडे टाकलीन तर संपलं, झोस्लीन. पुढच्या वर्षी नात चालायला लागेल."

"देवावर सोडा."

"देवावरच सोडलं होतं. तांग कुणी पाठवले?"

"असं बोलू नये," झोस्लीन म्हणाली, पण हळूच म्हणाली.

उतार संपला. इथे रस्ता फुटतो. उजवीकडे समुद्र, ताकामाकाच्या झाडांच्या सावलीतली मऊ वाळू. व्होल्सीला वाटत होतं ती तिकडेच जाणार, आणि तिथल्या खेकड्यांना काय करायचं याचा त्याने विचारही करून ठेवला होता. रोझीनने मान लांब करून वास घेतला. मग सावकाश डावीकडे वळली.

"अहो," झोस्लीन म्हणाली, "इकडे तर माझंच घर."

"मला माहीत नाही का?"

"मग वळवा तिला!"

व्होल्सी रोझीनच्या मागे चालत राहिला.

झोस्लीन धावली. फाटक लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली. रोझीनला फाटकाचं काही नव्हतं. ती शेजारच्या कुंपणात शिरली, आणि झुडपांचं कुंपण पडदा बाजूला व्हावा तसं बाजूला झालं. अंगणात विहिरीजवळ झोस्लीनचा निशिगंधाचा वाफा होता. ऑगस्टात मरियामातेचा सण, सगळं बेट त्या दिवशी मूर्तीमागून चालतं, आणि मूर्तीभोवतीची पांढरी फुलं कित्येक वर्षं या एका वाफ्यातून जातात. आग्नेयेच्या कोरड्या वाऱ्याने आत्ता सगळी जमीन विटेसारखी झाली होती. हा एवढा तुकडा ओला होता, कारण झोस्लीन रोज संध्याकाळी कंबर दुखेपर्यंत विहिरीचं पाणी शेंदून त्याला घालायची.

रोझीन वाफ्याच्या मधोमध गेली, जरा फिरली, मागची बाजू जमिनीला टेकवून उकरायला लागली. निशिगंधाचे कंद मातीबरोबर बाहेर पडू लागले.

"उठवा तिला, भावोजी! हात जोडते, उठवा!"

"कशी उठवू? सकाळपासून बघतेयस ना?"

"सणाला महिना राहिलाय हो! मी फादरना काय तोंड दाखवू?"

व्होल्सी कुंपणापाशी खाली बसला. झोस्लीनने झाडू उचलला, पण तो घेऊन काय करायचं ते तिला कळेना. मग तिने तो भिंतीला लावून ठेवला आणि पायरीवर बसली. तिला रडू येत होतं आणि रडायचं तरी कुणाच्या नावाने, हेही समजत नव्हतं. रोझीन एक पाय, मग दुसरा पाय, माती वर टाकत राहिली. उन्हं कलली तेव्हा खड्ड्यात पहिलं अंडं पडलं, गोल, पांढरं, ओलं. मग दुसरं. रोझीनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. कासवांच्या डोळ्यांतून गळतंच, पण झोस्लीनने नकळत क्रूसाची खूण केली.

सगळं झाल्यावर रोझीनने खड्डा बुजवला, पोटाने माती दाबली आणि उरलेला निशिगंध खायला सुरुवात केली.

"झालं?" झोस्लीन म्हणाली. "आता अंडी काढा आणि घेऊन जा वर. दोनचार कंद तरी मला पुन्हा लावता येतील."

"मी हात लावणार नाही."

"का म्हणून?"

"या हातांनी एक पिल्लू जगलेलं नाही, म्हणून. काथ्यात आणली, सडली. जाळी घातली, पळाली. मी जे जे करतो ते नडतं. तिने इतकं चालून ही जागा शोधली. असू दे इथेच."

"आणि माझा वाफा?"

व्होल्सी उठला. वाफ्याच्या कडेला पाण्याची बादली होती, संध्याकाळसाठी भरून ठेवलेली. त्याने ती उचलून लांब, पायरीपाशी, तिच्या पायांजवळ आणून ठेवली. टोपी काढली. झोस्लीनने त्याला टोपी काढताना फक्त चर्चमध्ये आणि घाम पुसताना पाहिलं होतं.

"पाणी घातलंस तर अंडी आतून कुजतील," तो म्हणाला. "पिल्लं वर येईपर्यंत इथे थेंब पडू देऊ नकोस. कुदळ नाही, झाडू नाही. आणि मरियामातेला यंदा फुलं मिळणार नाहीत, ते तूच तिला सांग, झोस्लीन. माझं ती ऐकायची नाही, तुझं ऐकते. सांगशील?"