जिन्याच्या तोंडाशी

कुठल्याही हॉटेलात शिरलं की काका आधी बसायचे नाहीत. आपण पंख्याखालचं टेबल शोधतो. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून सरळ मागे जायचे. भटारखान्यात डोकवायचे, सिलिंडरची नळी बोटाने चाचपायचे, मागचं दार उघडतं का ते ढकलून बघायचे. मग परत येऊन, दाराकडे तोंड करून खुर्चीच्या कडेवर टेकायचे आणि म्हणायचे, "पहिले बाहेर कसं पडायचं ते पाहून घेतलं. आता मागव काय मागवायचं ते."

मालकांची धांदल उडायची. हे कोणी सरकारी साहेब आहेत असं वाटून एका मिठाईवाल्याने मावा जिलेबीचा अख्खा पुडा त्यांच्या हातात कोंबला होता. काकांनी तो जसाच्या तसा परत केला. "जिलेबी राहू द्या," ते म्हणाले, "भट्टीजवळचा तो प्लास्टिकचा पडदा काढा."

असा एखादा भित्रा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा, लग्नात मांडवाच्या कडेकडेने जेवणारा. आपण त्यांना हसतो. मीही हसायचे, आणि मनमुराद हसायचे.

मी लोधीपुऱ्यात कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि फावल्या वेळात फोनवर एक पान चालवते. बुऱ्हाणपुरात कुठे काय चांगलं खायला मिळतं, एवढाच त्या पानाचा विषय. सुरुवातीला अडचण अशी होती की नव्या हॉटेलात बाई एकटी जाऊन बसली की सगळं हॉटेल तिच्या ताटाकडे बघत राहतं. म्हणून आईने गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकांना गळ घातली. ते नेपानगरच्या कागद कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या, मुलगा जळगावला. सोबत म्हणून आले आणि महिन्याभरात खरे परीक्षक तेच झाले. भरताचं वांगं गॅसवर भाजलंय की गोवऱ्यांवर, हे ते पहिल्या घासाला सांगायचे. फोटो माझे, जीभ त्यांची, असा आमचा कारभार होता.

जेवून झालं की ते खिशातून कागदाचा तुकडा काढून त्यावर तीन ओळी लिहायचे. कँटीनची सवय. पहिली ओळ चवीची, दुसरी स्वच्छतेची आणि तिसरी बाहेर पडण्याच्या सोयीची. दोन ओळी मी पानावर टाकायचे. तिसरी एकदाच टाकली होती, 'मागच्या दाराला कुलूप असते' अशी. त्यावर लोकांनी लिहिलं, काका जेवायला जातात की तपासणीला? त्यानंतर तिसरी ओळ मी गुपचूप गाळू लागले. काका फोन फक्त कानाला लावण्यासाठी वापरायचे, त्यामुळे त्यांना पत्ता नव्हता.

तीस वर्षं कागदाच्या ढिगांशेजारी चूल पेटवलेला माणूस आगीला भिणार नाही तर कोण भिणार? "आमच्या कँटीनमध्ये कधी कोणाचं बोटसुद्धा भाजलं नाही," असं ते सांगायचे. सांगताना आवाज खाली यायचा. मोठ्याने बोललं तर ते मोडेल, अशी धास्तीच होती त्यांना.

मग आम्हाला ती वरची थाळी सापडली.

जुन्या कापडबाजाराच्या एका बोळात, खाली सुताचं गोदाम आणि वर एक लांबट खोली. डोईफोडियाहून आलेली एक ताई आपल्या दोन जावांना घेऊन तिथे जेवण देत होती. कळण्याची भाकरी, ठेचा, केळफुलाची भाजी आणि तुपाने न्हालेली दालबट्टी. पहिल्या घासाला काकांचे डोळे मिटले. मी इतक्या ठिकाणी त्यांच्याबरोबर जेवले होते, पण डोळे मिटलेले पहिल्यांदाच पाहिले. ताई पदराला हात पुसत समोर उभी होती. "गोड लागलं का काका?" तिने विचारलं. काका म्हणाले, "माय, असं मी माझ्या आईच्या हातचं खाल्लं होतं."

आणि लगेच मान वळवून त्यांनी जिन्याकडे पाहिलं. लाकडी जिना, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. पायऱ्यांवर कांद्याची पोती आणि पाण्याचे जार. जिना जिथे वर संपतो तिथेच, दोन हातांवर, बट्ट्या तळायची भली मोठी कढई. दुसरी वाट नाही. मागे गच्ची होती, पण तिथून उतरायला काही नव्हतं.

त्या दिवशीचा कागद माझ्याकडे अजून आहे. 'चव दहापैकी दहा. स्वच्छता नऊ. कढई जिन्याच्या तोंडाशी आहे. ती हलेपर्यंत कृपया वर जाऊ नये.'

आता तुम्हीच सांगा, हे कसं टाकणार? ताईने गावचं घर बंद करून सगळा जीव त्या खोलीत ओतला होता. मी पहिल्या दोन ओळी टाकल्या. सोबत तुपाची धार सोडतानाचा फोटो टाकला.

पुढच्या रविवारी बोळात रांग लागली. खंडव्याहून, रावेरहून माणसं यायला लागली. मी हरखून काकांना दाखवायला घेऊन गेले. वरच्या खोलीत चाळीसेक माणसं दाटीवाटीने जेवत होती, लहान मुलं कढईला वळसा घालून पळत होती. काकांचा चेहरा पांढरा पडला. "तिसरी ओळ वाचूनही आले हे?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "म्हणजे आपण पाठवलं यांना वर. माझं नाव आहे ना त्याच्यावर."

त्यांनी ताईला कढई मागे गच्चीवर न्यायला सांगितलं. ती म्हणाली, "काका, गच्चीवर पत्रे टाकल्याशिवाय कसं जमणार? दिवाळी होऊ द्या, करते." तक्रार करायचा विषय मी काढला, तर काकांनी हात जोडले. "तिचं बंद नाही पाडायचं मला. कढई हलवायची आहे फक्त."

त्यानंतर दर रविवारी दुपारी काका तिथे उभे राहू लागले. जिन्याच्या वरच्या टोकाला, कढई आणि पायऱ्यांच्या मध्ये. आल्याआल्या पायऱ्यांवरची पोती स्वतः ओढून खाली ठेवायचे. मग वर जाणारा माणूस मोजायचे, उतरणारा मोजायचे. बावीसच्या वर एकालाही जाऊ द्यायचे नाहीत. बावीस माणसं त्या जिन्याने न चेंगरता उतरतात, असा त्यांचा हिशेब. तो त्यांनी कसा काढला देव जाणे.

"चाचा, कितना टाइम लगेगा?" लोक विचारायचे.

"बाईस हो गए. नीचे रुकिए."

लोकांना ते तिथले नोकर वाटायचे. कोणी हातात छत्री द्यायचं, कोणी प्यायला पाणी मागायचं. ताई सुरुवातीला वैतागली. "काका, तुम्ही माझे गिऱ्हाईक काबरं अडवता?" पुढे तीच त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवू लागली. ते त्यावर कधी बसले नाहीत.

एकदा मी त्यांच्या शेजारी उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांनी कठडा घट्ट धरून ठेवला होता. तेल चरचरलं की खांदे दचकायचे. तळपायापर्यंत भ्यायलेला हा माणूस, सगळ्या गावात जी जागा त्याला सर्वांत भयानक वाटत होती, तिथेच येऊन तीन-तीन तास उभा राहत होता. का, तर मी एक ओळ गाळली होती म्हणून. मला फार लाज वाटली. तरी ओळ टाकली नाही. खाली उतरताना ते दर वेळी विचारायचे, "टाकली का गं?" मी म्हणायचे, "टाकते काका." पानाला दहा हजार लोक झाले होते. एवढ्या लोकांसमोर चूक कबूल करायची माझी हिंमत होत नव्हती. त्यांची भीती आगीची होती आणि माझी ही असली.

पावसाळा सरता सरता काकांच्या छातीत दुखू लागलं. मुलगा येऊन त्यांना जळगावच्या दवाखान्यात घेऊन गेला. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज खोल गेला होता. "आज तू उभी राहा. बावीसच्या वर नको. मोजत राहा. आणि काही झालं तर सगळ्यांना उतरव, मग तू उतर."

मी गेले. पोती खाली ठेवली आणि काकांच्या जागी उभी राहिले. तिथे उभं राहिल्याशिवाय ती भीती कळत नाही. पाठीला कढईची धग लागते, पुढे तो अंधारा जिना, आणि मध्ये फक्त आपण. मी सतरापर्यंत मोजलं. तेवढ्यात नेपानगरच्या एका कुटुंबाने मला ओळखलं. "दीदी, तुमचं पेज आम्ही रोज पाहतो! एक फोटो होऊन जाऊ द्या." मी पदर सावरून फोटोला उभी राहिले. त्यांच्या मागून चार गेले की सात, मला माहीत नाही.

धुराचा वास आधी आला. धाकटी जाऊ वाढायला गेली होती आणि कढईतलं तेल तापून तापून पेटलं. ज्वाळा हातभरच होती. झाकण टाकलं असतं तर विझली असती. पण पंगतीतला कोणीतरी उठला आणि त्याने पाण्याचा जग कढईत फेकला.

भक्कन आग छतापर्यंत गेली. त्यानंतरचं मला आठवतं ते बोळातलं. मी समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर होते, पायात एकच चप्पल होती, आणि जिन्यातून अजून कोणीच बाहेर आलेलं नव्हतं.

मग माणसं येऊ लागली. खोकत, मुलांना काखेत मारून, एकमेकांच्या अंगावर पडत. बाया रडत होत्या. वरून काळा धूर येत होता आणि खाली गोदामात सूत भरलेलं होतं. लोक यायचे थांबले तेव्हा कोणीतरी ओरडलं, "ऊपर कोई है क्या?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. काकांच्या जागेवर उभी असणारी मीच होते ना.

मी म्हणाले, "नाही. कोणी नाही."

कशावरून म्हणाले? मला काहीही माहीत नव्हतं. मला फक्त परत वर जायचं नव्हतं.

दोन-तीन मिनिटांनी ताई जिन्यातून उतरली. तिने कणकेची मोठी परात कढईवर दाबून धरली होती, आग विझेपर्यंत. दोन्ही हात मनगटापर्यंत भाजलेले होते, ते तिने पुढे धरले होते. आणि तिच्या कोपराला धरून पाच-सहा वर्षांची एक मुलगी चालत होती. गच्चीवर हात धुवायला गेलेली आणि धूर पाहून तिथेच बसून राहिलेली.

संध्याकाळी काकांचा फोन आला. बातमी जळगावपर्यंत पोचली होती.

"सगळे उतरले?"

"उतरले काका."

त्यांनी विचारलं, "तू शेवटी उतरलीस ना?"

"हो," मी म्हणाले.

"शाबास," काका म्हणाले. त्यांना रडू येत होतं. "शाबास माझी पोर."

तिसरी ओळ मी त्याच दिवशी पानावर टाकली, माझ्या चुकीसकट. आगीबद्दलही लिहिलं. मी कधी उतरले ते लिहिलं नाही. मला वाटलं, जळगावला जाऊन समोर बसून काकांना तरी खरं सांगू. मंगळवारी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, रात्री झोपेतच गेले म्हणून.

तेराव्याला आम्ही जळगावला गेलो. ताईही आली होती, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या. काकांचा मुलगा मला पाहून पुढे आला. "बाबांनी शेवटचे दोन दिवस तुमचंच सांगितलं," तो म्हणाला. "नर्सला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला सांगितलं. आमची पोर शेवटपर्यंत जिन्यावर उभी राहिली, सगळ्यांना उतरवून मग उतरली. फार शांत झाले होते हो. मी त्यांना एवढं निर्धास्त कधीच पाहिलं नव्हतं."

मुलगा ताईकडे वळला. "तुम्ही तर तिथेच होतात ना?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या भडक्याला जिन्याकडे पळालेली माझी पाठ तिने पाहिली होती, हे मला ठाऊक होतं.

"होती ना," ताई म्हणाली. "उभी होती ती."