वणव्यातला राखणदार

"पत्ता नाही भांडत बापा, माणूस भांडते," असं प्रेमानंद मेश्राम दर रविवारी म्हणायचे. सहा दिवस ते नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात सुटे भाग तपासत आणि सातव्या दिवशी जरीपटक्यातल्या एका दुकानाच्या माडीवर रणपटाचे पंच होत. रणपट म्हणजे पाकिटं फोडून जमवायच्या पत्त्यांचा खेळ. हजारभर पत्ते, प्रत्येकाची शक्ती वेगळी. दोन शक्ती एकमेकींना भिडल्या की भांडण ठरलेलं. मग मेश्रामकाका चष्मा कपाळावर सरकवून सावकाश बोलत आणि माडी गप्प होई. इंग्रजी नियम त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन एकट्याने उलगडले होते. दर रविवारी माडीवर खेळणाऱ्या रितिकाला खेळ शिकवला तो त्यांनीच.

त्या रविवारी अंतिम डाव होता. जिंकेल तो पुण्याच्या राज्य स्पर्धेला जाणार. रितिकासमोर बसला होता कामठीचा दुर्गेश, माडीवर पहिल्यांदाच आलेला. त्याच्या पटावर पाच योद्धे आणि त्यांच्या पुढे राखणदार. तो पटावर असेपर्यंत बाकीच्यांना मरण नाही. रितिकाने वणवा टाकला. वणव्यात पटावरचे सगळे जळतात.

"झालं तुह्यं. उचल पत्ते," ती हसली.

"काहून? राखणदार एकटा मरन. बाकीचे वाचले."

"राखणदारच आधी जळते, मंग राखन कोण? नागपुरात शेंबड्या पोरालेही मालूम आहे हे."

"आमच्या कामठीत पुस्तक वाचतेत बाई. दाखवा न काका."

माडी खदखदली. काकाही हसतच नियमांचं पुस्तक उघडून बसले. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. हसू विझलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, पुन्हा वाचली, आणि चेहरा राखेसारखा झाला.

"सगळे एकाच क्षणी जळतेत," ते म्हणाले. "त्या क्षणी राखणदार उभाच आहे. दुर्गेशचे पाचही वाचले."

रितिका उसळली. "तुम्हीच शिकवलं न काका!"

"मीच शिकवलं. जळालेले पत्ते काढताना पुढच्या रांगेतला पत्ता हात आधी उचलते, म्हणून तो आधी मेला, असं मी धरून बसलो. हाताच्या सवयीले नियम समजलो. तीन वर्षं."

"मागच्या वर्षी मी याच वणव्यावर जिंकली होती."

"हो वं पोरी. तेही चुकलंच."

रितिका पुढे वाकली, आवाज अगदी खाली आणला. "आजच्या दिवस जुनाच निकाल चालू द्या न. इथं सगळे तसंच खेळतेत."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिला पहिल्यांदाच पाहत होते. "खेळ गा दुर्गेश," ते म्हणाले.

पाच योद्ध्यांनी एका फेरीत डाव संपवला. पुण्याचं तिकीट कामठीला गेलं. काका उठले. "ज्याले ज्याले मी या निकालावर हरवलं, त्याची माफी मागतो," एवढं बोलून ते जिना उतरले.

खाली शेअर ऑटोवाले ओरडत होते. काकांनी रस्त्याच्या कडेला पुस्तक उघडलं, अगदी पहिल्या पानावर, आणि वाचत वाचतच गर्दीतून चालू लागले. एका सायकलवाल्याने शिवी हासडली. त्यांनी मान वर केली नाही. माडीच्या खिडकीतून रितिका पाहत राहिली. तिच्या शेजारी दुर्गेश उभा होता, जिंकल्याचं विसरून.