अक्काच्या हाताखाली

पुरणाचे मांडे करण्यात माझं नाव कसं झालं, असं मला पुष्कळ जणी विचारतात. मी कणकेचं, तेलाचं काहीबाही सांगून त्यांना वाटेला लावते. खरं कारण सांगायची मला लाज वाटते, पण आता पुरे झाली ती लाज.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी पाचोऱ्याजवळच्या एका गावी नवी सून म्हणून आले होते. आमच्या आळीत एक अक्का होती. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत ती सुपाएवढा मांडा करायची आणि चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. लग्नाची तिथी ठरण्याआधी लोक अक्का मोकळी आहे का ते विचारायला येत. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. दागिने नकोत, लुगडी नकोत, हे एवढं नाव मला हवं होतं.

तिने मला हाताखाली घेतलं. चार वर्षांत माझा हात बसला आणि तिचा खांदा आखडला. हात वर जाईना. तेव्हापासून मांडे मी करायचे आणि ती शेजारी पाटावर बसून राहायची. चुलीभोवती बांबूच्या ताट्यांचा आडोसा असे. दृष्ट लागते म्हणून ती पहिल्यापासून कुणाला आत येऊ देत नसे, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. बाहेर पंगतीत अक्काची वाहवा चालायची आणि आत मी धुसफुसायचे. सासरी माझ्याइतकी गरीब स्वभावाची सून नव्हती, पण त्या आडोशामागे मी मनात म्हातारीला काय काय बोलले असेन ते देवालाच ठाऊक.

जामनेरच्या एका मोठ्या घरच्या लग्नात मी ठरवलं, आज अक्कापेक्षाही पातळ मांडा करायचा. म्हणजे तरी कुणी विचारेल, हात कुणाचा आहे. दहा-बारा मांडे झकास उतरले. मग एक खापरावर टाकताना फाटला. पुरण सांडलं, करपलं, धूर झाला. मी घाबरून ओलं फडकं उचललं आणि तापलेल्या खापरावर फिरवलं. पोरसवदा मुलीलाही कळतं की असं करू नये. खापर आरपार तडकलं.

बाहेर व्याह्यांची पंगत पानांवर बसलेली. दुसरं खापर गावातून येऊन तापेपर्यंत ती ताटकळणार होती. मुलीचा बाप ताटी बाजूला सारून आत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय व्हयनं अक्का?"

मी ओलं फडकं पदराआड लपवलं. अक्का पाटावरून उठली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मन्हा हातथून तडकनं, भाऊ. वय व्हयनं आते मन्हं."

तो तसाच वळला आणि हात जोडून पंगतीपुढे जाऊन उभा राहिला. आम्हाला चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

परतताना मी गाडीत रडत होते. अक्का चिडली. म्हणाली, "रडू नको वं. मन्हं नाव आते मन्हा काय कामनं शे? तुले आखी उमर काढनी शे."

त्या लग्नानंतर तिला कुणी बोलावलं नाही. म्हातारीचा हात गेला, असं चार गावं बोलू लागली. मी ते ऐकत होते आणि गप्प होते.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शेंदुर्णीकडचा एक माणूस मांड्यांसाठी अक्काच्या हाताखालची म्हणून माझं घर विचारत आला. अक्का माझ्याच ओट्यावर बसली होती. मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं, तशी ती माझ्यावर खेकसली, पाहुण्याला आधी पाणी आण म्हणाली. मी निमूट आत गेले. तांब्या घेऊन बाहेर आले तोवर तिने माझ्या वतीने होकार देऊन टाकला होता, आणि हिच्या हातून आजवर एक मांडा फाटला नाही, असं त्याला सांगत होती.