दादांनी आडव्या लावलेल्या पेट्या

द्राक्षाच्या दिवसांत मी वारूळवाडीच्या बाजूला एका पॅकहाऊसमध्ये कामाला जाते. घडातले खराब मणी कात्रीनं काढायचे, घड पिशवीत घालायचे आणि पिशव्या पेटीत बसवायच्या. पेट्या कंटेनरात भरतात. कंटेनर घाट उतरून न्हावाशेवाच्या बंदरात जातो आणि तिथून जहाजानं परदेशात.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, तरुणपणी मुंबईच्या गोदीत होते. आपल्याच भागातल्या माणसांची त्यांची टोळी होती. जहाज लागलं की आठ-आठ दिवस पाठीवरून पोती वाहायची. मग कंटेनर आले. क्रेन ते उचलायची, माणूस लागेना. जहाजंही खाडीपलीकडं न्हावाशेवाला जाऊ लागली आणि टोळी रिकामी बसली. दादा गावी आले ते परत गेले नाहीत. मी तेव्हा चौथीत होते. रस्त्यानं कंटेनर चालला की दादा अजूनही तोंड फिरवतात.

यंदा एकदा जेवताना ते म्हणाले, "त्यो कंटेनरचा डबा आतून कसा असतो गं? एकदा बघायचा व्हता."

मला कुणाला काही विचारायचं म्हटलं की धीर होत नाही. चार दिवस असेच गेले. शेवटी सुपरवायझरला विचारलं. "आणा की ताई, त्यात काय," ते म्हणाले. तरी मला एकच भीती होती. ज्या कंटेनरानं दादांना घरी बसवलं, त्याच्यासमोर त्यांना पुन्हा कुणी कमी लेखायला नको.

दादा धुतलेलं धोतर नेसून आले. आत जाताना त्यांच्या गांधी टोपीवर जाळीची टोपी घालावी लागली. बायका हसल्या.

"आजोबा, टोपीवर टोपी!"

"मग पगार बी दुप्पट द्या," दादा म्हणाले.

आत हमाल लाकडी चौकटीवर पेट्या एकावर एक सरळ रचत होते. दादा थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांना राहवेना.

"आरं, अशी सरळ उतरंड लावत्यात व्हय? जहाज हललं की समदं खाली यील."

आणि त्यांनी पेट्या उचलून पुढचा थर आडवा लावला, त्यावरचा उभा. हात भराभर चालत होते. ते चुकत होते हे मला माहीत होतं, पण मला थांबवता आलं नाही.

सुपरवायझर आले. "बाबा, पेटीला भोकं असत्यात. सरळ लावल्या तरच गार हवा वर जाती. आडव्या लावल्या तर मधला माल नासंल."

एक हमाल हसला, "पोत्यांचा जमाना गेला राव!"

दादांचे हात पेटीवरच राहिले.

"त्यांनी गोदीत वर्षानुवर्षं माल लावलाय," मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

सुपरवायझरनी स्वतः पेट्या सरळ केल्या. मग दादांना विचारलं, "जहाज लई हलतं का वो?"

"पावसाळ्यात इचारू नका."

"आता वाटेतल्या समुद्रात लढाई चाललीय. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जातं. लई दिवस लागत्यात."

दादा एका बांधून झालेल्या थप्पीपाशी गेले. थप्पीभोवतीच्या पट्टीखाली बोट घालून ओढून बघितलं. "ही सैल हाय. एवढं लांब जायचं, तर आणखी एक बांधा."

पट्टी सैल नव्हती. मी रोज बघते. सुपरवायझरनीही हात लावून बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि त्या हसणाऱ्या हमालालाच सांगितलं, "आन रे, आणखी एक लाव."

कंटेनरचं दार लागेपर्यंत दादा तिथून हलले नाहीत.

आता रोज सकाळी चहा पिताना विचारतात, "आपला डबा कुठवर गेला असंल गं?"

मला कुठलं माहीत असायला. मी म्हणते, "चाललाय, दादा."