आला आणि इल्ला

माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, माफ करा. मी चौथीच शिकले.

आमच्याकडे डिश बसवायला येणारा माणूस ओठांत स्क्रू धरूनच बोलायचा. वायर जोडण्याआधी ती कपाळाला लावायचा. त्या दिवशी गच्चीवर मोटारीला बॅटरी जोडून तो डिश फिरवत होता. म्हणाला, "अक्का, सिग्नल आला की सांगा."

खाली टीव्हीवर चित्र आलं. परक्या माणसाला हाक कशी मारायची, म्हणून मी जिन्यातून हळूच म्हटलं, "आला, आला." तो फिरवतच राहिला. डिश कठड्याला अडली आणि मोटार जळली.

"अक्का इल्ला म्हणाल्या," तो आमच्या यांना म्हणाला. इल्ला म्हणजे कानडीत नाही.

"तू इल्ला म्हणालीस?" यांनी विचारलं. मी खाली मान घातली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ दे, सर. नंदे तप्पु. माझीच चूक." यांनी मोटारीचे पैसे त्याच्याकडून घेतले.

काल माझ्या शिवणकामाचे पैसे घेऊन त्याच्या दुकानात गेले. "मी आला म्हटलं होतं."

"एन अक्का? काय म्हणालात?" त्याने ओठांतले स्क्रू काढले.

मग मी मोठ्याने सांगितलं. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. मी सगळे पैसे त्याच्या हातावर ठेवले.