काकांशी साधलेली बरोबरी

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आमच्या घरात पदवी म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. वडिलांनी निकाल ऐकला आणि मला आधी काकांच्या पाया पडायला पाठवलं. काका आमच्या नात्यातले नव्हते. मिरजगावच्या अलीकडे आमचं गाव, तिथे त्यांचं वावर आमच्या बांधाला लागून. मी अकरावी झालो तेव्हा वडिलांना त्यांनीच गळ घातली होती, "ह्याला औताला जुपू नगंस. नगरला धाड." मी जो काही झालो तो त्या एका वाक्यामुळे.

काका बुद्धिबळात पंचक्रोशीत कुणाला हार जात नसत. मारुतीच्या पारावर त्यांचा कापडी पट अंथरलेला असे. मी लहानपणापासून त्यांच्याकडून हरत आलो होतो. एकदा तरी त्यांच्यासमोरून न हरता उठायचं, एवढीच माझी इच्छा होती. जिंकण्याचं तर मनातही येत नसे.

आमच्याकडचा खेळ देशी पद्धतीचा. त्यात सगळी मोहरी मारून समोरच्याचा राजा एकटा पाडला, तर ती 'बुर्जी' होई आणि डाव मात न होताच मिटे. म्हणून पट्टीचा खेळाडू समोरच्याचं एक प्यादं मुद्दाम जिवंत ठेवी आणि मग मात करी. त्यातही स्वतःच्या प्याद्यानं केलेली मात सर्वांत मानाची. काका सोपी मात सोडून प्यादेमातीच्या मागे लागत, आणि लोक ती बघायलाच जमत.

कॉलेजात मी नव्या नियमांनी खेळायला शिकलो होतो. त्या सुट्टीत मी काकांना म्हणालो, "एक डाव नव्या नियमांनी खेळू या का?" ते लगेच तयार झाले. मी सगळे नियम सांगितले. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, आणि शह नसताना राजाची कोंडी झाली, कुठलीच चाल उरली नाही, तर डाव बरोबरीत, हेही सांगितलं. "बरं बरं," म्हणत ते मोहरी मांडत होते.

दुपार कलेपर्यंत माझ्याकडे राजा आणि एक अडकलेलं प्यादं उरलं. पारावरचे शिंपीमामा मला डिवचू लागले, "काय साहेब, राजा पळवायचं पन कालेजात शिकवत्यात व्हय?"

सगळे हसले. काकांना वजिरानं सरळ मात करता येत होती. पण त्यांची नजर त्यांच्या प्याद्यावर होती. माझा राजा कोपऱ्यात होता. त्याला जखडून ठेवावं आणि मग प्यादं पुढे आणावं, असा त्यांचा बेत मला दिसला. त्यांनी वजीर एक घर पुढे सरकवला. मला शह नव्हता, आणि चालही नव्हती.

"कोंडला की रं," काका सहज म्हणाले आणि वजीर उचलू लागले. "थांब, तुला चाल मोकळी करून देतो." देशी खेळात तसंच करतात.

"काका, आता परत घेता येत नाही," मी म्हणालो. "बरोबरी झाली."

"कसली बरोबरी?" शिंपीमामा उसळले. "हितं तुझं समदं सैन्य मेलंय आन् बरोबरी?"

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "शिकल्यालं पोरगं हाय. त्यो म्हनतो तसंच आसंल."

शिंपीमामाही मागे सरकले. काकांनी वजीर होता तिथे ठेवला. "त्यानं आदी सांगितलं हुतं," ते म्हणाले. "माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई." मग माझ्या पाठीवर थाप मारून ते मोठ्यानं म्हणाले, "गड्या, आज माज्यासंगं बरोबरी केलीस तू!"

मी आनंदानं घरी आलो. जेवायला बसेपर्यंत मात्र तो आनंद टिकला नाही. नियम माझ्या बाजूचा होता, लबाडी मी केली नव्हती. पण माझ्या शब्दाला त्या पारावर जे वजन आलं होतं, ते काकांनीच मला मिळवून दिलं होतं. आणि ते मी पहिल्यांदा वापरलं ते त्यांच्यावरच.

पुढे राहुरीला नोकरी लागली. दिवाळीला गावी आलो तर काकांनी नव्या नियमांनीच डाव मांडला. "देशी खेळू या," मी आर्जवानं म्हणालो.

"न्हाई. आता पोरंसोरं तुज्याच नेमानं खेळत्यात."

त्यांनी माझी सगळी प्यादी मारली आणि वजिरानं रुक्षपणे मात केली. प्याद्याला हातही लावला नाही. मात करण्याआधी मात्र हात हवेत धरून त्यांनी मला विचारलं, "ह्ये चालतंय न्हवं?"

"चालतं, काका," मी म्हणालो. मला त्यांच्याकडे वर बघवेना.